मुलं शॉर्टफॉर्ममध्ये लिहितात, त्यांचं इंग्रजी बिघडेल का?

प्रश्न : नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुलगा इथेच सेमी-इंग्रजीत आठवीत. गेल्या महिन्यात मुलीने प्रोजेक्टच्या रिपोर्टसाठी तिच्या सरांना मेल केला. तो तिने मला दाखवला आणि मला धक्काच बसला. सुरुवात 'हाय सर, हाऊ आर यू' अशी, त्यातही 'आर' आणि 'यू' एकेका अक्षरात. 'प्लीज'मधले स्वर गायब. शेवटी 'ए-एस-ए-पी' आणि 'थँक्स'ची तीन अक्षरं. सरांचं एका ओळीत उत्तर आलं, 'मेल नीट लिहून पाठवा.' मी बोलले तर ती म्हणते, 'आई, सगळे असंच लिहितात. भाषा बदलत असते.' मुलाच्या घटक चाचणीत 'बिकॉज'चं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं, 'अँड'ऐवजी नुसता 'एन', वाक्यांची सुरुवात लहान लिपीत. बाईंनी शेरा मारलाय, 'मोबाईल कमी करा.' यजमान म्हणतात, दोघांचे फोन काढून घेऊ. मुलीचे पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत. माझं स्वतःचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे काय चूक नि काय बरोबर हेही ठामपणे सांगता येत नाही. या मेसेजमुळे मुलांचं इंग्रजी कायमचं बिघडतंय का? मी काय करू?
— एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

फोन काढून घेऊ नका, हे सगळ्यात आधी सांगते. मुलगी घरापासून लांब राहते, तिच्या कॉलेजच्या सूचनाही फोनवरच येतात. आणि मुलाचा फोन काढून घेतल्याने 'बिकॉज'चं स्पेलिंग सुधारणार नाही.

तुमच्या पत्रात खरं तर दोन निराळ्या अडचणी आहेत आणि फोनमुळे त्या एकच वाटतायत. मुलीला इंग्रजी येतं, पण आपण कुणाला लिहितोय याचा तिने विचार केला नाही. मुलाचं इंग्रजी अजून घडायचं आहे. मुलीचं काम आठवड्याभरात होईल. मुलाला वेळ लागेल, आणि माझी खरी काळजी त्याच्याबद्दलच आहे.

आधी मुलीबद्दल. भाषा बदलते, हे तिचं म्हणणं खरंच आहे, ते खोडून काढत बसू नका. 'ओ-एम-जी' ही तीन अक्षरं मोबाईलने जन्माला घातली असं आपल्याला वाटतं. पण ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी 1917 साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ती सापडतात. मात्र पुढचा तपशील मुलीला जरूर सांगा. फिशर यांनी ती तीन अक्षरं लिहून लगेच कंसात पूर्ण शब्दही दिले होते. वाचणाऱ्याला हे नवं आहे, त्याला कळलं पाहिजे, एवढं त्यांच्या मनात होतं. मुलीच्या मेलमध्ये नेमकं हेच राहून गेलंय.

आणि शॉर्टफॉर्मचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. तुमच्या-माझ्या घरातली जुनी पत्रं काढून बघा. ती., चि., सौ., शि. सा. न. वि. वि., ता. क., मु. पो., जि. अशा अक्षरांनी ती भरलेली असतात. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून ही पद्धत सोयीची होती. पण त्या पत्रांत एक शिस्त होती. वडिलांना 'ती.' आणि धाकट्या भावाला 'चि.' हे कुणी उलट केलं नाही. मायना वाचला की लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं नातं कळायचं. कोणती अक्षरं गाळायची हे त्या नात्यावर ठरायचं. मुलीने मैत्रिणीला आणि सरांना एकाच मायन्यात लिहिलं, ही तिची चूक आहे. हे तुम्ही तिला मराठीतून समजावू शकता. त्यासाठी तुमचं इंग्रजी चांगलं असायची काहीच गरज नाही. उलट या बाबतीत मराठी शाळेतल्या शिक्षिकेचा अधिकार जास्त आहे.

आता तिच्या मेलकडे बारकाईने बघू. 'यू' पूर्ण लिहिला, 'प्लीज'मध्ये स्वर घातले, तर मेल बरा होईल का? फारसा नाही. 'ए-एस-ए-पी' उलगडून 'ॲज सून ॲज पॉसिबल' केलं, तरी ते सरांना घाई करणंच आहे. विद्यार्थिनीने सरांना 'शक्य तितक्या लवकर बघा' असं म्हणावं, हे मराठीतही चालत नाही. म्हणजे नुसतं स्पेलिंग दुरुस्त करून भागणार नाही, मागणी कशी करायची हे शिकावं लागेल. तारखेची अडचण असेल तर ती सांगावी : रिपोर्ट शुक्रवारी जमा करायचा आहे, त्याआधी दुसरं प्रकरण बघता येईल का? एवढं सांगितलं की घाई आपोआप समजते.

इथे एक धोका आहे. 'नीट लिही' म्हटलं की आपली मुलं थेट दुसऱ्या टोकाला जातात. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट...' शाळेत पाठ केलेला रजेचा अर्ज बाहेर येतो. शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' असतंच. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवताना मला हेच दिसत आलंय. मुलांकडे दोन इंग्रजी असतात, एक मित्रांच्या ग्रुपवरचं आणि एक अर्जातलं. मधलं इंग्रजी, म्हणजे साध्या, पूर्ण, सभ्य वाक्यांचं, त्यांनी कधी वापरलेलंच नसतं. नोकरीत रोज लागतं ते मात्र हेच. बॉसला उशीर होणार असल्याचं कळवायचं असतं, ग्राहकाला भाव सांगायचा असतो, सहकाऱ्याकडून फाईल मागायची असते. यातल्या कशालाही 'आय बेग टु स्टेट' चालत नाही आणि आकडे घुसवलेले शब्दही चालत नाहीत. म्हणून शॉर्टफॉर्म बंद करण्यापेक्षा हे मधलं इंग्रजी वाढवणं, यावर तुम्ही जोर द्यावा असं मला वाटतं.

मुलीसाठी मेलचा साचा अगदी छोटा आहे. विषयाच्या रकान्यात प्रोजेक्टचं नाव. वर 'डिअर सर' आणि आडनाव. पहिल्याच वाक्यात काम : 'आय ॲम सेंडिंग माय प्रोजेक्ट रिपोर्ट विथ धिस मेल.' मग विनंती : 'कुड यू प्लीज लुक ॲट चॅप्टर टू बिफोर फ्रायडे?' मग आभार, खाली पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर. तब्येतीची चौकशी नको, मोठमोठे शब्द नकोत. सरांच्या उत्तरानंतर तिने अजून त्यांना काही लिहिलं नसेल तर नव्या मेलमध्ये 'मागच्या मेलबद्दल क्षमस्व' एवढं एक वाक्य पुरे. पाठवण्यापूर्वी तिने तो मोठ्याने वाचावा. सरांसमोर उभं राहून हेच वाक्य तोंडाने म्हणवेल का, एवढं स्वतःला विचारावं. म्हणवत नसेल तर ते बदलावं.

कॅम्पस इंटरव्ह्यूची भीती मात्र बाजूला ठेवा. मैत्रिणींशी ती एका अक्षरात बोलते याचा तिथे काही संबंध नाही. रेझ्युमे आणि कंपनीला जाणारा मेल दोन जणांकडून वाचून घेतला, तर शॉर्टफॉर्म त्यात राहत नाहीत. आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर ती पूर्णविराम देत नाही म्हणून रागावू नका. तिथले संकेतच वेगळे झालेत. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांना 2015 मध्ये असं दिसलं, की मेसेजच्या छोट्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. म्हणजे मुलं तिथे पूर्णविराम गाळतात ते अज्ञानाने नव्हे. त्यांना तो कुठे कोरडा वाटतो हे माहीत असतं. इतकी जाण असलेली मुलगी सरांना कसं लिहायचं हेही शिकेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, मेसेजमुळे इंग्रजी बिघडतं का? ही भीती इंग्लंड-अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी पसरली. 2003 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने सुट्टीवरचा निबंध संपूर्णपणे मेसेजच्या भाषेत लिहून दिला आणि त्याची तिथल्या वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. 2007 मध्ये जॉन हम्फ्रीज या प्रसिद्ध ब्रिटिश पत्रकाराने मेसेज लिहिणाऱ्यांची तुलना चंगीजखानाशी केली. पण मुलांना प्रत्यक्ष तपासायला गेलेल्यांना निराळं दिसलं. कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 ते 12 वर्षांच्या 88 ब्रिटिश मुलांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या मेसेजमध्ये शॉर्टफॉर्मचं प्रमाण जास्त, त्यांचं शब्दवाचन चांगलं, असा कल त्यात दिसला. याचं कारणही पटण्यासारखं आहे. 'ग्रेट'च्या शेवटी आठचा आकडा घालायचा, तर त्या अक्षरांचा उच्चार आणि आकड्याचा उच्चार एकच आहे हे कानाला कळावं लागतं. कान तयार असल्याशिवाय असा खेळ जमत नाही.

दुसऱ्या बाजूचं संशोधनही आहे, ते लपवणार नाही. ड्रू सिंगेल आणि एस. श्याम सुंदर यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळेच्या मुलांना व्याकरणाची चाचणी दिली. त्यांच्या 2012 च्या लेखात, मेसेजमध्ये असे बदल जास्त करणाऱ्या मुलांना व्याकरणात कमी गुण मिळाल्याचं दिसतं. एका अभ्यासात शब्द वाचण्याची चाचणी होती, दुसऱ्यात व्याकरणाची, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पण कशामुळे काय झालं, हे दोन्हींपैकी कुठलाच अभ्यास सिद्ध करत नाही. व्याकरण कच्चं असलेली मुलंच कदाचित शॉर्टफॉर्म जास्त वापरत असतील.

मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. ही मुलं ब्रिटनची आणि अमेरिकेची. इंग्रजी त्यांच्या घरात बोललं जातं, सभोवताली दिसतं, दुकानाच्या पाटीपासून गोष्टीच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे पूर्ण शब्द त्यांच्या डोळ्यांवर आदळत असतात. त्यांनी एखादा शब्द मोडला, तर मोडण्याआधी तो त्यांना अख्खा माहीत असतो. तुमच्या मुलाचं तसं नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण अभ्यासक्रमात येणं वेगळं आणि मुलाच्या दिवसात येणं वेगळं. पुस्तकाबाहेर त्याला इंग्रजी भेटतं ते बहुतेक फोनवर, आणि तिथे ते आधीच मोडलेलं असतं. त्यामुळे परदेशी अभ्यासाच्या आधारावर 'काही बिघडत नाही' असं तुमच्या मुलाबद्दल मी म्हणणार नाही.

त्याच्या ग्रुपवरचे मेसेज एकदा त्याच्या परवानगीने बघा. त्यात इंग्रजी किती आहे? माझा अंदाज, फार थोडं. मुलं लिहितात मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. 'काय करतोयस', 'जेवलास का', 'उद्या मॅच आहे' हे सगळं रोमन अक्षरांत, आणि प्रत्येक मुलाचं स्पेलिंग वेगळं. 'आहे'मध्ये एक ए घाला, दोन घाला, किंवा नुसतं एच-ई लिहा, समोरच्याला कळतं. कोणतंच चूक नाही, कारण मराठीला रोमनमध्ये ठरलेलं स्पेलिंगच नाही. ऐकू येईल तसं लिहा, स्वर गाळले तरी चालतील, हा नियम मुलाच्या बोटांना दिवसातून शंभरदा शिकवला जातो. मग परीक्षेत तीच अक्षरं वापरून 'बिकॉज' लिहायचं असतं, जिथे ऐकू येईल तसं लिहून चालत नाही. मधल्या 'ए-यू'चा उच्चाराशी मेळ लागत नाही, तो पाठच असावा लागतो. मुलाने तीन ठिकाणी तीन स्पेलिंगं लिहिली यात मला हीच सवय दिसते. त्याच्या मनात रोमन अक्षरांना ठाम स्पेलिंग असतं ही जाणीवच पक्की झालेली नाही.

म्हणून माझी पहिली सूचना इंग्रजीबद्दल नाहीच. मुलाला मराठी देवनागरीत लिहायला लावा. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडता येते. तिथे बहुधा दोन पर्याय दिसतात, एकात रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटते, दुसऱ्यात थेट देवनागरीचा कळफलक येतो. दुसराच निवडा. पहिल्यात बोटं पुन्हा रोमनमध्ये वाटेल तसं मराठी लिहितात आणि आपला हेतू फसतो. सुरुवातीचे काही दिवस तो कुरकुरेल, कारण वेग कमी होईल. घरच्या ग्रुपपासून सुरुवात करा. आई-बाबा, ताई, आजी यांना मराठीतच लिहायचं. मित्रांच्या ग्रुपवर जबरदस्ती करू नका. घरापुरतं झालं तरी रोमन अक्षरं ही इंग्रजीची, आणि त्यांना स्पेलिंग असतं, हा भेद त्याच्या हाताला कळायला लागेल. मराठीच्या शिक्षिकेच्या घरात हे अवघड जाऊ नये.

एक माहिती त्याला सांगण्यासारखी आहे, कारण आठवीतल्या मुलांना अशा गोष्टी आवडतात. एसएमएसला मर्यादा होती 160 अक्षरांची. पण त्यात देवनागरी लिहिली की ती मर्यादा 70 वर यायची, कारण देवनागरीच्या एका अक्षराला जास्त जागा लागायची. शिवाय जुन्या फोनवर सातच्या बटणावर चार अक्षरं होती, 'एस' उमटवायला ते बटण चार वेळा दाबावं लागायचं. दर मेसेजला पैसे पडायचे, आणि दिवाळी किंवा नववर्षाच्या दिवशी मेसेजचं पॅकही चालायचं नाही. तेव्हा आपल्याकडच्या मंडळींनी मराठी रोमनमध्ये आणि इंग्रजी तुकड्यांत लिहिलं, त्याला सबळ कारण होतं. आता व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर ती मर्यादाही नाही आणि दर मेसेजचे पैसेही नाहीत. नव्या फोनवर देवनागरी लिहायला एक पैसा जास्त पडत नाही.

दुसरं काम वहीचं. मुलाची इंग्रजीची वही आणि घटक चाचणीचा पेपर समोर घ्या. फोनमधून आलेल्या चुकांवर, म्हणजे एका अक्षराचा 'यू', नुसता 'एन', 'टू'साठी आकडा, गाळलेले स्वर, यांवर हिरवी खूण करा. बाकी सगळ्यांवर निळी. निळ्यात 'ही डोन्ट गो', गाळलेलं 'अ' किंवा 'द', चुकलेला काळ हे येईल. तुम्हाला शंका वाटेल तिथे मुलीला फोटो पाठवा, ती सांगेल. माझ्या अनुभवात निळ्या खुणा नेहमी जास्त निघतात. तसं झालं तर बाईंचा शेरा अर्धाच बरोबर ठरतो. निळ्या चुका मोबाईलच्या नाहीत. त्या कमी वाचनाच्या आहेत, आणि मोबाईल कपाटात ठेवला तरी त्या तशाच राहतील.

लहान लिपीतल्या सुरुवातीचं मात्र मला फोनशी नातं दिसतं, पण शॉर्टफॉर्मशी नाही. फोन वाक्याचं पहिलं अक्षर स्वतःच मोठं करतो, एकट्या 'आय'लाही मोठं करतो, चुकलेलं स्पेलिंग गुपचूप बदलतो. मुलाला वाटतं आपण बरोबर लिहिलं. कागदावर हे करायला कुणी नसतं. फोनमुळे होणारं नुकसान मला इथे जास्त वाटतं. याची चर्चा फारशी होत नाही, सगळा राग शॉर्टफॉर्मवर निघतो. उपाय एकच, हाताने लिहिणं.

हाताने लिहिण्यासाठी तुमच्याकडे एक जुनं साधन आहे, श्रुतलेखन. शाळेत तुम्ही ते रोज घेत असालच. इंग्रजीचं घ्या. तुम्हाला उच्चाराची शंका आहे, तर वाचायचं काम मुलीकडे द्या. तिने पुण्याहून पाच वाक्यांचा व्हॉइस मेसेज पाठवावा, मुलाने ऐकून कागदावर लिहावं, मग पुस्तकाशी ताडून स्वतःच तपासावं. तपासायला इंग्रजी यावं लागत नाही, नजर लागते. वाक्यं आठवीच्या पुस्तकातली नकोत. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, त्यातली सहावीची घ्या. वाक्यं त्याला सोपी वाटली पाहिजेत, म्हणजे लक्ष अर्थावर खर्च न होता स्पेलिंगवर आणि विरामचिन्हांवर जाईल. दहा मिनिटांत हे होतं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून चार दिवस, पण मध्ये खंड पडू देऊ नका. मुलीलाही यात फायदा आहे. स्वल्पविरामाला थांबत, पूर्ण वाक्य स्पष्ट वाचण्याची सवय तिला इंटरव्ह्यूसाठी हवीच आहे.

त्याच्या जोडीला वाचन. रोज एक पान, मोठ्याने. क्रिकेटची इंग्रजी बातमी चालेल, मोबाईलवरच्या गेमची माहिती चालेल, त्याला आवडतं ते घ्या. पूर्ण शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेला की त्याचं चित्र मनात बसतं, स्पेलिंगची घोकंपट्टी करून ते तितकं बसत नाही. अर्थ विचारून परीक्षा घेऊ नका. एखादा शब्द अडला तर सांगा, नाही तर पुढे जाऊ द्या.

मधूनमधून एक छोटी कसोटी घ्या. त्याने मित्राला इंग्रजीत पाठवलेला एखादा मेसेज घ्या आणि तोच बाईंना पाठवायचा झाला तर कसा लिहिशील, असं विचारा. झटकन आणि बरोबर लिहिला, तर त्या शॉर्टफॉर्मची अजिबात काळजी करू नका. तो मुलाच्या मालकीचा आहे, त्याला हवा तिथे तो वापरेल. अडखळला, तर शॉर्टफॉर्मच्या मागचा पूर्ण शब्द त्याच्याकडे नाही असं समजा आणि तो शब्द श्रुतलेखनात घ्या.

परीक्षेबद्दल एक सांगते. 2006 मध्ये न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळाने अशी भूमिका घेतली होती, की उत्तरातून विषय समजल्याचं स्पष्ट दिसत असेल तर मेसेजची भाषा वापरली तरी गुण द्यावेत. पण इंग्रजीच्या पेपरात जिथे भाषाच तपासायची असते, तिथे ही सवलत नव्हती. मुलं अशी उदाहरणं ऐकून येतात आणि घरी वाद घालतात, म्हणून सांगितलं. आपल्याकडे दहावीला इंग्रजीचा लेखी पेपर 80 गुणांचा आहे आणि त्यात पत्रलेखन असतं. तिथे 'यू' तीन अक्षरांतच लिहायचा, यावर चर्चा नको.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी मोठ्यांबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्या ग्रुपवर कुणाच्या घरी मृत्यूची बातमी आली की खाली 'आर-आय-पी' या तीन अक्षरांची रांग लागते. मुलं ते बघतात. सरांना एका अक्षरात 'यू' लिहू नकोस असं आपण मुलीला सांगायचं आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला आपण तीन अक्षरं पाठवायची, हे मला पटत नाही. 'काका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, उद्या घरी येते' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. घरात मोठी माणसं कुणाला काय लिहितात, कुठे पूर्ण लिहितात आणि कुठे आवरतं घेतात, यातून मुलं जे उचलतात ते उपदेशातून उचलत नाहीत. यजमानांनाही यात घ्या. फोन काढून घेण्याऐवजी त्यांनी मुलाला रोज एक पूर्ण, नीट मेसेज पाठवला, मराठीत का होईना, तर त्याचा उपयोग जास्त होईल.

बाईंना भेटायला मात्र लगेच जाऊ नका. आधी हिरव्या-निळ्या खुणांचं काम करा, महिनाभर श्रुतलेखन होऊ द्या. प्रथम सत्र परीक्षेचा पेपर हातात आला की त्याच दोन रंगांनी तो पुन्हा तपासा. हिरव्या खुणा लवकर कमी होतील, त्यावर समाधान मानू नका, निळ्या मोजा. त्या कमी झाल्या नसतील तर दोन्ही पेपर आणि वही घेऊन बाईंकडे जा आणि त्यांना विचारा की काळ, क्रियापदं आणि 'अ', 'द'चा सराव त्या कुठून करून घेतील. त्यांच्याकडे दोन रंगांतला कागद गेला, की मोबाईलऐवजी इंग्रजीबद्दल बोलणं सुरू होईल.